पत्र्याखालचं पाणी

तुंगयिन बेट
२ मार्च २००३

पेइ-रु,

सैन्यातलं प्रशिक्षण संपलं की सगळ्यांना डब्यात हात घालून चिठ्ठी काढायला लावतात. ज्याला ताइपेइजवळचं ठाणं लागतं तो उड्या मारतो. माझ्या चिठ्ठीवर तुंगयिन होतं. नकाशात शोधायच्या भानगडीत पडू नकोस, बोट ठेवलंस की बेट झाकलं जातं. किलुंगहून रात्रभराचा बोटीचा प्रवास. मी ओकलो. इथे वारा आहे, दगड आहेत, बोगदे आहेत आणि ज्वारीची प्रसिद्ध दारू आहे, ती आम्हाला प्यायची नाही. पाणी मोजून मिळतं.

आता मुद्द्याचं. माझा कॉम्प्युटर तुझ्या खोलीत ठेवला तेव्हा हिवाळा होता. त्याचा प्रोसेसर मी कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा बराच जास्त पळवतो. तू त्याला ओव्हरक्लॉक म्हणत नाहीस, 'बिचाऱ्याला चाबूक मारणं' म्हणतेस. थंडीत तो चाबूक सोसतो. पण गच्चीवरच्या आपल्या पत्र्याच्या खोल्यांत एप्रिलपासून काय भट्टी पेटते ते तुला मी सांगायला नको. नुसता पंखा पुरणार नाही. वेग कमी करायचा तर तुझा कार्टूनचा सिनेमा स्पर्धेसाठी जूनअखेर पुरा व्हायचा नाही. म्हणून पंखा काढून त्या जागी पाणी फिरवायचं. सगळं सामान माझ्या पलंगाखाली सफरचंदांच्या खोक्यात आहे. मीच बसवणार होतो, पण भरतीचा कागद आधी आला.

तू बसव. अवघड नाही. मी पत्रातून सांगत जाईन.

चिन मावशींना सांग, माझी खोली भाड्याने दिलीत तर खुशाल द्या, पण खोकं फेकू नका.

कुन-लिन

*

ताइपेइ
१९ मार्च २००३

कुन-लिन,

अख्ख्या पत्रात तू कसा आहेस याबद्दल एकच शब्द: 'ओकलो'. बाकी सगळं कॉम्प्युटरचं. वाचून मला वाटलं, सैन्यात तू गेलायस की तो?

असो, तुझा लाडका आजारीच आहे. या आठवड्यात दोनदा मध्येच डोळे मिटले. सकाळी कामावर जाताना मी त्याला चित्रं काढायला लावून जाते. संध्याकाळी येऊन बघते, तर पडदा काळा आणि माझा बगळा पाण्याच्या टाकीवर एक पाय उचलून तसाच अर्धवट उभा. सहा मिनिटांच्या सिनेमातली चाळीस सेकंदं झालीत. या चालीने बगळा म्हातारा होईल.

चिन मावशींना तुझा बेत सांगितला. त्या म्हणाल्या, "वीज आणि पाणी एकाच डब्यात? सरकारने त्या पोराला उचललं ते बरं झालं, माझं घर तरी वाचलं." तरी दुसऱ्या दिवशी स्वतःच वर आल्या आणि कॉम्प्युटरवर मक्याच्या कुरकुऱ्यांचा तो हिरवा पुडा ठेवून गेल्या, यंत्रं बिघडू नयेत म्हणून सगळे ठेवतात तो. त्यावर लिहिलेलंच आहे ना, शहाण्यासारखं वाग म्हणून. लाल पुडा का नाही विचारलं तर मलाच झापलं, "लाल म्हणजे लाल दिवा. एवढं शिकून कळत नाही?"

तुझी खोली त्यांनी कुणाला दिलेली नाही. लोणच्याच्या बरण्या ठेवल्यात. आपल्यामधली भिंत किती पातळ आहे हे मला आत्ता कळलं. तू होतास तेव्हा तुझा खोकला, स्क्रू खाली पडल्यावर तू घातलेली शिवी, सगळं ऐकू यायचं. आता बरण्या काही बोलत नाहीत.

मी तो प्रोसेसर मोडून ठेवीन. क्वांगहुआ बाजारातला तुझा मित्र नाही का बसवून द्यायचा? तो आ-शेंग?

पेइ-रु

*

तुंगयिन
५ एप्रिल २००३

पेइ-रु,

धुक्यामुळे बोट आली नाही, म्हणून उत्तराला उशीर. इथे वसंत म्हणजे धुकं. सकाळी आपलेच बूट दिसत नाहीत. बोट आली नाही की भाजी येत नाही आणि पत्रंही. पोरं भाजीसाठी रडत नाहीत.

आ-शेंगला वेळ नसतो. त्याच्यामागे सतत गिऱ्हाइकं. तूच कर.

खोक्यात काय आहे ते सांगतो. तांब्याचा चौकोनी ठोकळा: मी स्वतः कोरलेला, त्याच्या पोटात पाण्याची वाट आहे. हा प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो. छोटा रेडिएटर: भंगारातल्या मोटारीच्या हीटरमधून काढला, तीनदा धुतलाय. पंप: मासे पाळणाऱ्यांकडे असतो तो. एक प्लॅस्टिकची बरणी आणि पारदर्शक नळी. बरणीतून पंप पाणी ओढतो, ठोकळ्यात ढकलतो. ठोकळ्यातली उष्णता घेऊन पाणी रेडिएटरमध्ये जातं, तिथे निवतं आणि परत बरणीत येतं. बस, इतकंच. तेच पाणी फिरत राहतं.

आधी कॉम्प्युटरच्या बाहेर, गच्चीवर जोडून बघ. प्रत्येक सांध्याखाली टिशू कागद ठेव आणि पंप दिवसभर चालू दे. कागद कोरडा राहिला तरच आत जायचं. आणि चालू करताना नेहमी आधी पंप, मग कॉम्प्युटर. नळाचं पाणी वापरू नकोस, डिस्टिल्ड आण. नळीच्या पोलादी क्लिपा मात्र नव्या घे, माझ्या गंजल्यात.

ठोकळा बसवणं मला नीट सांगू दे. प्रोसेसरची चिप उघडी असते, नखाएवढी. ठोकळा तिरका दाबला तर चिपचा कोपरा तुटतो आणि सगळं संपतं. म्हणून चार स्क्रू एकदम आवळायचे नाहीत. एक थोडा, मग त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला थोडा. घाई केलीस की मोडलं.

आमच्या खोलीतल्या एका पोराला काल त्याच्या मैत्रिणीचं शेवटचं पत्र आलं. सार्जंट म्हणाला, दर वसंतात चार-पाच जणांना येतं, सर्दीसारखं. मी मनात म्हटलं, आपल्याला भीती नाही, आपल्याला मैत्रीणच नाही.

मे महिन्यात रजा मिळेल असं दिसतंय.

कुन-लिन

*

ताइपेइ
२१ एप्रिल २००३

कुन-लिन,

पुलाखालच्या क्वांगहुआ बाजारात जाऊन क्लिपा आणल्या. निम्मी दुकानं ओस पडलीत. सगळे तोंडाला पट्टी बांधून हिंडतात. सार्सच्या साथीच्या बातम्या तुमच्याकडे पोचतातच ना? बसमध्ये कुणी शिंकलं तर अख्खी बस त्याच्याकडे वळते.

आ-शेंग भेटला. तू म्हणालास तसंच, फार कामात होता.

रविवारी गच्चीवर मांडामांड केली. पहिल्यांदा बरणीचा सांधा सुटला आणि कपडे वाळत घालणाऱ्या मावशींच्या पाठीवर कारंजं उडालं. काय काय म्हणाल्या ते लिहीत नाही, तुमची पत्रं तपासतात म्हणे. दुसऱ्यांदा कागद कोरडा राहिला. मी स्टूल घेऊन तिथेच बसून राहिले. पारदर्शक नळीतून पाणी फिरताना काहीच दिसत नाही, माहीत आहे तुला? एखादा बुडबुडा गेला तरच कळतं की चाललंय. मी बुडबुड्यांची वाट बघत बसले होते. मावशी म्हणाल्या, "पोरी, लोक मासे असलेल्या पाण्याकडे बघतात गं."

जोडणी सुटी करून पुसून ठेवली आहे. ठोकळा मात्र मी बसवणार नाही. तुझं ते 'मोडलं, संपलं' वाचल्यापासून स्क्रू-ड्रायव्हर कपाटात ठेवून दिलाय. मे महिन्यात तू ये आणि तेवढे चार स्क्रू तू आवळ. मी टॉर्च धरीन.

तोवर वेग कमी करून चालवते. बगळा बसू दे टाकीवर. त्यालाही कुठे जायचंय?

पेइ-रु

*

तुंगयिन
१० मे २००३

पेइ-रु,

रजा रद्द. सगळ्यांचीच. साथ आटोक्यात येईपर्यंत बेटावरून कुणी जायचं नाही.

टीव्हीवर ताइपेइतल्या बंद केलेल्या इमारती दाखवतात. गल्ल्या सगळ्या सारख्याच दिसतात. परवा एक गच्ची दिसली, वर निळा पत्रा आणि स्टीलच्या दोन टाक्या. मी ताट टाकून उठलो. आपली नव्हती. मग टेलिफोनच्या रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा मावशींनीच उचलला. म्हणाल्या, "ती वर आहे, खाली यायची बंदी आहे. ताप नाही. तू जेवलास का?" मी विचारलं, बंदी कसली? तेवढ्यात लाइन गेली. आणि मागचे ओरडायला लागले.

स्क्रूंचं राहू दे. कॉम्प्युटरचंही राहू दे. फक्त बरी आहेस एवढं लिही. एकच शब्द लिही, मी तक्रार करणार नाही.

कुन-लिन

*

ताइपेइ
२७ मे २००३

कुन-लिन,

बरी आहे. घे, दोन शब्द लिहिले.

घाबरू नकोस, सगळं संपलंय. दुसऱ्या मजल्यावरचे लो काका एका आजारी नातेवाइकाला भेटून आले आणि त्यांना ताप भरला. त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं आणि आमच्या अख्ख्या इमारतीला घरात बसायला सांगितलं. मावशी त्यांच्या मजल्यावर, मी वर. मावशी जिन्याच्या वळणावर पेज ठेवून खाली जायच्या आणि तिथून ओरडायच्या, "उचल!" मग मी जायची. सकाळ-संध्याकाळ वॉर्डप्रमुख गल्लीत उभे राहून भोंग्यातून विचारायचे, "गच्चीवरच्या कुमारी योउ, आज किती?" आणि मी कठड्यावरून माझा ताप अख्ख्या गल्लीला सांगायची. माझं लग्न आता या गल्लीत तरी जमायचं नाही. लो काका मागच्या आठवड्यात घरी आले. वाळलेत, पण मावशींशी भांडण्याइतके बरे आहेत.

पहिले दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी सैन्यातल्या सगळ्या रजा रद्द झाल्याचं टीव्हीवर ऐकून मावशींनी जिन्यातून सांगितलं. मग मी तुझ्या भिंतीला टेकून बसले. पलीकडे बरण्या. खाली रस्त्यावर एक स्कूटर नाही. तू बेटावर आणि मी पण बेटावरच. मनात आलं, जो येणार नाही त्याच्यासाठी टॉर्च धरून किती बसायचं?

उठले आणि कॉम्प्युटर उघडला.

तुझं पत्र बाजूला उघडं ठेवलं होतं. पंखा काढला, चिपवरचा उष्णता वाहून नेणारा जुना लेप स्पिरिटने पुसला, नवा लावला, तांदळाच्या दाण्याएवढा. ठोकळा ठेवला. पहिल्या स्क्रूला एक वेढा, समोरच्याला एक वेढा. उन्हाने पत्रा तडतडत होता, घाम नाकावरून ओघळायला लागला आणि मला एकच भीती, थेंब चिपवर पडेल. टॉवेल डोक्याला बांधला. तू शिव्या का घालतोस ते कळलं, मी पण घातल्या. भिंत पातळ आहे, पण पलीकडे कुणी नाही ते बरं. शेवटी चारही सारखे आवळले गेले. रेडिएटर मागच्या बाजूला तारेने बांधला. बरणी भरली. आधी पंप, मग कॉम्प्युटर, तुझ्या हुकुमाप्रमाणे.

चालू झाला, कुन-लिन! तुझ्या जुन्या वेगावर. मी तपमानाचा आकडा बघत बसले. सत्तरच्या घरात असायचा तो चाळिशीत येऊन थांबला. बाहेर मी उकडून निघत होते आणि आत तो आरामात. ठोकळ्यात जाणारी नळी हाताला गार लागायची आणि येणारी किंचित कोमट, कुणी ओंजळीत धरून दिल्यासारखी. ती धरून मी बराच वेळ बसले होते. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. भोंगा आला तेव्हा मी वरून ओरडले, "बेचाळीस!" वॉर्डप्रमुख पांढरे पडले.

पण एक अडचण आहे. रेडिएटरच्या खालच्या सांध्यातून जरा पाझरतं. थेंबभरच. मी रोज क्लिप आवळते आणि कागद ठेवते, तरी सकाळी ओला. काय करू, सविस्तर लिही.

पेइ-रु

*

तुंगयिन
९ जून २००३

पेइ-रु,

तुझं पत्र मी बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून वाचलं. 'बेचाळीस'पाशी इतका मोठ्याने हसलो की पहाऱ्यावरच्याने बंदूक वळवली.

तू बसवलंस. मी तिथे नव्हतो आणि तू बसवलंस. मला आनंद झाला. पण सगळ्यात आधी काय वाटलं ते लिहू का? वाटलं, आता संपलं. आता लिहायला काय राहिलं? मग पुढे पाझराचं वाचलं आणि बरं वाटलं. नीच माणूस आहे मी.

आता ऐक. ती क्लिप काढ, नळीचं टोक नखभर कापून ताजं कर, गरम पाण्यात बुडवून मऊ कर आणि पुन्हा चढव. तरी पाझरलं तर सांध्यावर नळकाम करणारे गुंडाळतात ती पांढरी टेप गुंडाळ. तरी पाझरलं तर लिही. तरी नाही पाझरलं तरी लिही.

इथे कड्यावर काळ्या शेपटीच्या पाणपक्ष्यांनी अंडी घातलीत. त्यांच्या कलकलाटात झोप लागत नाही. मी पाण्याचे डबे वर वाहतो, दोनशे-अडीचशे पायऱ्या असतील. वर पोचल्यावर त्यातलं घोटभर पाणी मानेवर घेतो. हे बेकायदा आहे. त्या वेळी मी कशाचा विचार करतो ते लिहिणार होतो, पण पत्रं तपासतात असं तूच म्हणालीस.

कुन-लिन

*

ताइपेइ
२ जुलै २००३

कुन-लिन,

टोक कापलं, टेप गुंडाळली. आता पाझर कमी, पण बुडबुडे अडकतात आणि पंप खडखडतो. शिवाय मला वाटतं दुसराही एक सांधा बिघडणार. एकंदरीत तुझ्या या यंत्राला रोज कुणीतरी लागतं.

सिनेमा झाला. वेळेत पाठवला. बगळा शेवटी उडतो, पण कुठे जातो ते मी दाखवलं नाही. आमच्या कार्टूनच्या कंपनीत साहेबांना दाखवला. त्यांनी दोनदा बघितला.

रजा कधी?

पेइ-रु

*

तुंगयिन
२४ जुलै २००३

पेइ-रु,

रजा मंजूर! ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, वादळ मध्ये आलं नाही तर. बुडबुड्यांना हात लावू नकोस. मी येऊन बघतो. टॉर्च तयार ठेव.

कुन-लिन

*

तुंगयिन
१६ ऑगस्ट २००३

पेइ-रु,

वादळ मध्ये आलंच. निम्मी रजा बंदरावरच्या सतरंजीवर गेली आणि तुझ्यासाठी एक संध्याकाळ उरली. त्या संध्याकाळी जे बोलायचं होतं ते बोललो नाही, म्हणून लिहितो. समोर असताना मला नळ्यांशिवाय काही सुचत नाही.

मी जिना चढत होतो तेव्हा मावशी दारातच होत्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाल्या, "टकलू, वाळलास रे." मग हळूच म्हणाल्या, "लवकर वर जा. पोरगी ऑक्टोबरात कॅनडाला चाललीय, व्हँकुव्हरच्या कचेरीत. तुला सांगितलंच असेल." मी म्हटलं, हो, सांगितलंय.

तू दार उघडलंस. केस कापलेत तू. मला ते छान दिसतात म्हणायचं होतं आणि मी म्हणालो, "पंप कुठला खडखडतोय?"

मग मी कॉम्प्युटर उघडला. पेइ-रु, त्या क्लिपांवर धुळीचा एकसारखा थर होता. स्क्रूंच्या खाचांतसुद्धा. जी क्लिप तू रोज आवळत होतीस, तिला मे महिन्यापासून कुणी बोटही लावलं नव्हतं. सांध्यावर टेपही नव्हती. पाणी बरणीच्या खुणेवर जसंच्या तसं. पंपाचा आवाज ऐकायला मला कान लावावा लागला. इतकं नीट बसवलेलं काम मी माझ्या हातूनसुद्धा पाहिलेलं नाही.

मी मान वर केली. तू टॉर्च धरून दुसरीकडेच बघत होतीस. मी म्हणालो, "हं, इथून पाझरतंय खरं." आणि स्क्रू-ड्रायव्हर मागितला.

मग तासभर मी नसलेला पाझर दुरुस्त केला आणि तू टॉर्च धरलास. एक क्लिप सैल करायची, पुन्हा आवळायची. तू विचारलंस, "जमतंय का?" मी म्हणालो, "वेळ लागेल." तू म्हणालीस, "लागू दे." पत्र्याखाली इतकं उकडत होतं आणि मला ते काम कधी संपूच नये असं वाटत होतं. कॅनडाचं तू सांगशील म्हणून मी थांबलो होतो. तू बहुतेक मी विचारीन म्हणून. मग शेवटच्या बसची वेळ झाली आणि मी म्हणालो, "आता पाझरणार नाही." निघताना जिन्यात तेच वाक्य डोक्यात घुमत होतं. किती गाढवासारखं वाक्य!

तू का लिहीत होतीस ते खोटं? चुकीचा अर्थ लावत असेन तर तसं सांग. मला एकदाच लागेल.

कुन-लिन

*

ताइपेइ
३० ऑगस्ट २००३

कुन-लिन,

अर्थ बरोबर लावलास. फार उशिरा लावलास, पण बरोबर.

पहिल्या दिवसापासून एक थेंब पाझरला नाही. तसं लिहिलं असतं तर तू 'छान' असं उत्तर पाठवलं असतंस आणि विषय संपला असता. पाझराचं लिहिलं की तुझी तीन पानं यायची. दोन पानं नळीची, एक तुझं. त्या एका पानासाठी मी त्या बिचाऱ्या सांध्याची बदनामी केली.

आणि तू रे? मीही एक लपवलंय. एप्रिलमध्ये आ-शेंग कामात नव्हता. स्टुलावर बसून कलिंगडाच्या बिया फोडत होता. क्लिपा बघून म्हणाला, "कुन-लिनच्या मशीनला? मी जाऊन बसवतो म्हणून मागे लागलो होतो, तासाभराचं काम. तर मला म्हणाला, खबरदार गेलास तर, ती करेल." मी विचारलं, असं का? तो म्हणाला, "ते तू त्याला विचार, मी क्लिपा विकतो." त्या दिवशी मी बसने न जाता चालत घरी आले.

म्हणजे आपण दोघांनी मिळून एका कॉम्प्युटरला सहा महिने आजारी ठेवलं.

कॅनडाचं. साहेबांनी सिनेमा तिकडे पाठवला होता. दोन वर्षांचं काम आहे, माणसं फक्त माझा बगळा बघून बोलावताहेत. तुला जुलैअखेर एका पत्रात लिहिलं आणि फाडलं. त्या संध्याकाळीही सांगणार होते. पण तू मान खाली घालून ती क्लिप सैल करत होतास, तुझ्या मानेवर उन्हाने कातडी सोलली होती आणि मला वाटलं, हा तासभर तरी असाच जाऊ दे.

तू 'जाऊ नकोस' म्हणाला असतास तर मी रागावले असते. तू म्हणाला नाहीस त्याचाही राग आला. मी जातेय, कुन-लिन. मला जायचंय. आणि जायचं नाहीय. ही दोन्ही वाक्यं तपासणाऱ्या साहेबांनी खुशाल वाचावीत.

कॉम्प्युटर मावशींनी मागून घेतला. म्हणतात, "माझ्या खोलीत ठेव, बरणीत मासे सोडते."

पेइ-रु

*

तुंगयिन
२१ सप्टेंबर २००३

पेइ-रु,

जा. हे पत्र निघण्याआधी पोचेल की नाही माहीत नाही, म्हणून थोडक्यात. तिथे थंडी असते. जाड मोजे घे. पत्ता पाठव.

केस छान दिसतात.

कुन-लिन

*

व्हँकुव्हर
१८ नोव्हेंबर २००३

कुन-लिन,

तुझं पत्र निघायच्या आदल्या दिवशी आलं. ती शेवटची ओळ मी विमानात किती वेळा वाचली ते विचारू नकोस, शेजारच्या बाईंनी शेवटी मला रुमाल दिला.

इथे सगळं चांगलं आहे. खोलीला खरी भिंत आहे, जाड. पलीकडे कोण राहतं ते मला दीड महिन्यात कळलेलं नाही. दुपारी चारला अंधार पडतो. भात मिळतो पण शिजवणारे त्याला भात म्हणण्याइतका शिजवत नाहीत. माणसं भली आहेत. माझं इंग्रजी ऐकताना मान तिरकी करतात आणि धीराने थांबतात.

कचेरीत मला नवा कोरा कॉम्प्युटर दिलाय. जे सांगावं ते मुकाट्याने करतो. तापत नाही, बंद पडत नाही, उघडावा लागत नाही. त्याच्या पोटात काय आहे ते मी अजून बघितलेलंही नाही. संध्याकाळी तो बंद करते तेव्हा कुणालाही लिहिण्यासारखं माझ्यापाशी काही नसतं, आणि तरी मी रोज एक पत्र लिहिते. ती सगळी एका कप्प्यात आहेत. त्यांत मी फार शहाण्यासारखं लिहिलंय, दोन वर्षं काही फार नसतात, वगैरे. म्हणून ती पाठवली नाहीत.

हे पाठवते. तुझी सुटका झाली की तू इकडे ये, असं मी लिहिणार नव्हते. तुझी आई आहे, आ-शेंगने दुकानात भागी देऊ केलीय, मला सगळं माहीत आहे. तरी ये.

पेइ-रु

*

तुंगयिन
९ डिसेंबर २००३

पेइ-रु,

वाऱ्यामुळे बोट अडकली होती. तुझं पत्र आज दुपारी मिळालं. सार्जंटने नाव पुकारलं तेव्हा मी पायऱ्यांवर होतो. डबे तिथेच ठेवले आणि उभ्या उभ्या वाचलं. माझं तोंड बघून सार्जंट म्हणाला, "जियान, तुलाही शेवटचं पत्र आलं का रे? बस खाली, पाणी पी." मी म्हटलं, शेवटचं नाही, बोलावणं आलंय. कुठून, म्हणाला. मी म्हटलं, कॅनडाहून. त्याने माझ्या पाठीत धपाटा घातला. मग म्हणाला, "मग रडतोस काय गाढवा! डबे उचल."

येतो.

पुढच्या शरदात सुटेन. आईला आज लिहिलंय, ती आधी रडेल आणि मग मला स्वेटर विणायला घेईल. आ-शेंगला उद्या लिहीन. तिथे मला काय काम मिळेल ठाऊक नाही. भांडी घासता येतात, डबे वाहता येतात. इंग्रजी येत नाही, पण आमच्या खोलीत एक पोरगा आहे, तो शिकवीन म्हणतो. आज पहिला धडा झाला. मी त्याला म्हटलं, आधी 'मी वाट बघतोय' शिकव. तो म्हणाला, आधी 'नमस्कार' शिक.

कप्प्यातली ती शहाणी पत्रंही पाठव. एकेक करून पाठव, म्हणजे पुरतील.

डबे वर नेले. आज धुकं नव्हतं. पूर्वेकडे तोंड करून उभा राहिलो. तू त्याच बाजूला आहेस. मध्ये एकही बेट दिसत नाही, बोट नाही, काही नाही, नुसतं पाणी. सार्जंट खालून दोनदा ओरडला, तरी मी तिथेच उभा होतो.

कुन-लिन